मालवणला निघताय? आधी नाक शिंकरून बघा

दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी संपली की ठाण्यातल्या माझ्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मालवणजवळच्या तारकर्लीहून स्कूबा डाइव्ह (पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात उतरणं) करून परतलेली मंडळी रांगेत असतात. जाणाऱ्यांचे आणि आलेल्यांचे प्रश्न तेच.

पोहता येत नाही. स्कूबा जमेल का? (पाचपाखाडी)
प्रशिक्षक धरून नेतो, जमेल. पाण्यात अंगठा वर करू नका. त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, दमा आहे. (कळवा)
नाही. दहा पूर्ण झाल्यावर छातीच्या डॉक्टरांना विचारा.

मला सर्दी आहे. एजंट म्हणतो, नाकात ड्रॉप्स टाका, कानात बोळे घाला, काही होत नाही. पैसे परत मिळणार नाहीत. (ऐरोली)
कान एजंटचा नाही, तुमचा आहे. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो हे सगळे सांगतात; पण कानाच्या पडद्याला खरा ताण पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच बसतो. तीन मीटरवर, म्हणजे जेमतेम एका मजल्याइतक्या खोलीवर, दाब सुमारे ३० टक्के वाढलेला असतो. मधल्या कानात तेवढी हवा घशाकडच्या नळीतून जावी लागते. सर्दीत ती नळी सुजलेली असते. हवा गेली नाही की पडदा आत ओढला जातो, कधी फाटतो. ड्रॉप्सचा असर पाण्यातच उतरला तर वर येताना हवा आत अडकते, ते आणखी वाईट. आणि बोळे? बोळ्यामागे हवा कोंडून वेगळीच इजा होते. नाक धडधाकट असेल तेव्हाही नाक दाबून हलकेच फुंकायचं ते दुखण्याआधी, दर दोन-तीन फुटांवर. दुखलं की थांबा. जोर लावून फुंकणारे पेशंट मी पाहिलेत. अ‍ॅडव्हान्स बुडू द्या. जाण्याआधी कान तपासून घ्या.

सकाळी डाइव्ह, दुपारी गोव्यातल्या मोपाहून विमान. (वाशी)
एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८. तिकीट पुढे ढकला, नाहीतर रेल्वेने या.

तारकर्लीहून येऊन बारा दिवस झाले, कानाला दडे बसलेत. सासूबाई गरम तेल घालतात. (कोपरी)
बारा दिवस! तेल आजच बंद. पडदा फाटला असेल तर ते थेट आत जातं. ऐकू कमी येत असेल किंवा चक्कर असेल तर उद्यावरही टाकू नका.

आई सत्तरीची आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने नेलं तर कानाला त्रास होईल? (घणसोली)
कानाला नाही. मळमळीची गोळी मात्र रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारून द्या, आणि होडीत चढताना हात धरा.