बहुमत की मताधिक्य?

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या विधानसभा निवडणुकीवरील लेखाचा अनुवाद करताना एकांनी विचारले आहे : ‘मजूर पक्षाला बहुमत मिळूनही सत्ता गेली’ हे वाक्य विचित्र वाटते, ‘मताधिक्य मिळूनही’ म्हणावे का?

वाक्य खटकते ते बरोबरच, पण मताधिक्यानेही भागणार नाही. सभागृहातले संख्याबळ, दोन उमेदवारांमधला फरक आणि निम्म्याहून अधिक मते, इंग्रजीत या तिन्ही अर्थांना majority हा एकच शब्द पुरतो. आपल्याकडे मराठीत कामे वाटून दिलेली आहेत.

बहुमत सभागृहात मोजतात. सोसायटीच्या सभेत ठराव ‘बहुमताने मंजूर’ होतो, कारण मत देणारे तिथेच बसलेले असतात. सार्वत्रिक निवडणुकीत मात्र मते मतदारांची आणि बहुमत आमदारांचे. त्या निवडणुकीत डॉन डन्स्टन यांच्या मजूर पक्षाला सुमारे ५२ टक्के मते पडली, स्टील हॉल यांच्या लिबरल अँड कंट्री लीगला ४४ च्या आसपास. जागा? ३९ पैकी १९-१९. उरलेले एक अपक्ष, टॉम स्टॉट, हॉल यांच्या बाजूने गेले आणि हॉल मुख्यमंत्री झाले. ३९ पैकी २६ मतदारसंघ ग्रामीण आणि १३ राजधानी अ‍ॅडलेडचे होते, वस्ती मात्र बरीचशी अ‍ॅडलेडमध्ये आणि मजूर पक्षाचा जोरही तिथेच. मग दुसरे काय होणार! थोडक्यात, बहुमत मजूर पक्षाला मिळालेच नव्हते. विधानसभा त्रिशंकू होती. (त्रिशंकूतल्या ‘त्रि’चा तीन पक्षांशी संबंध नाही, दोन पक्ष आणि एक अपक्ष असले तरी ती त्रिशंकूच. तो बिचारा राजा अधांतरी लटकला, एवढाच संदर्भ.)

मताधिक्य म्हणजे मत + आधिक्य. आधिक्य कुणापेक्षा तरी असावे लागते, म्हणून हा शब्द दोन उमेदवारांमधल्या फरकाला शोभतो : ‘अमुक हजारांच्या मताधिक्याने विजयी’. याच निवडणुकीत मिलिसेंट मतदारसंघातून मजूर पक्षाचे डेस कॉर्कोरन निवडून आले तेव्हा त्यांचे मताधिक्य होते १. एक मत! प्रकरण न्यायालयात गेले, पोटनिवडणूक झाली, तीही त्यांनीच जिंकली आणि मताधिक्य वाढले. इथे ‘एका मताचे बहुमत’ लिहिलेत तर वाचक सभागृहातले संख्याबळ समजेल.

तुमच्या वाक्यात आकडा राज्यभरातल्या एकूण मतांचा आहे आणि तो निम्म्याच्या पुढे आहे. त्याला मराठीत सुटसुटीत एक शब्द नाही, आणि ओढूनताणून घडवू नये. मी असे लिहीन : ‘निम्म्याहून अधिक मते मिळूनही मजूर पक्षाचे बहुमत एका जागेने हुकले.’