बाटलीतले खडे आणि थंडीत तुरट लागणारी रेड वाइन

आपण लिहिले आहे की थंडीपूर्वी आवडलेली रेड वाइन आता कडवट आणि तुरट लागते, बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात आणि उरलेल्या बाटल्या ओतून द्याव्यात असे आपल्या मनात आहे. कृपया ओतू नका. एका हिवाळ्यात मी नेमके हेच केले आणि सहा बाटल्या मोरीत गेल्या. त्याची हळहळ आजही वाटते.

ते खडे म्हणजे पोटॅशियम बायटार्ट्रेटचे स्फटिक. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम वाइनमध्ये विरघळलेले असतात, पण थंडी वाढली की त्यांचे क्षार तळाशी बसतात. केक करणारे ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणतात, तोच हा पदार्थ, आणि तो निरुपद्रवी आहे. रेड वाइनमधले स्फटिक रंग शोषून जांभळट होतात, काच मात्र रंग धरत नाही. तरीही बाटलीचे तोंड तडकलेले असेल, तर धोका पत्करू नये.

मला हे ठाऊक नव्हते, म्हणून मी विक्रेत्याच्या तक्रार विभागाला लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले की माल खराब असावा, तो ओतून द्यावा. आणि ओतून दिल्यावर मात्र, बाटल्या परत न केल्याने भरपाई मिळणार नाही, असे कळवण्यात आले. वाइन विकणाऱ्यांना ही साधी गोष्ट माहीत नसावी, याचा मला पैशांपेक्षा अधिक राग आला. अनेक वाइनरी बाटलीबंद करण्याआधीच वाइन गोठणबिंदूच्या जवळ थंड करून हे क्षार टाकीतच बसू देतात. ज्या तसे करत नाहीत, त्यांच्या मालात म्हणून दोष नसतो.

चवीचे कारण वेगळे आहे, पण मूळ थंडीतच आहे. माझ्या बाटल्या बाहेरच्या गच्चीवर होत्या. वाइन फार गार असली की तिचा सुगंध उडून नाकापर्यंत पोहोचत नाही आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून वाइनमध्ये येणाऱ्या घटकाचा, तुरटपणा तेवढा जिभेवर उरतो. हे लक्षात आल्यावर मी दुसरी चूक केली, ती म्हणजे बाटली हीटरशेजारी ठेवली. तिथे ती इतकी तापली की अल्कोहोलचा भपका सुगंधावर चढला. माझ्या मते कॅबर्ने सोविन्यों किंवा शिराझसारखी भारदस्त वाइन १६ ते १८ अंश सेल्सियसला आणि पिनो न्वारसारखी हलकी १२ ते १४ अंशांना प्यावी. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा संकेत युरोपातील घरे आजच्यासारखी उबदार नसतानाचा आहे, त्यामुळे आजच्या तापवलेल्या खोलीत तो शब्दशः पाळू नये. बाटली दीड-दोन तास आधी घरात आणून ठेवावी, किंवा घाई असेल तर पेल्याचा फुगीर भाग दोन्ही तळव्यांत धरावा. हीटर आणि गरम पाणी टाळलेलेच बरे.

मसाले घालून गरम वाइन करायची असेल, तर साधी, कमी टॅनिनची वाइन घ्यावी आणि ती उकळू देऊ नये, कारण अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळते. संत्र्याची साल घालताना आतला पांढरा भाग काढावा, नाहीतर कडवटपणा पुन्हा येतो.

मी डॉक्टर नाही, पण एक सांगायलाच हवे. वाइनने येणारी ऊब ही त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने जाणवते आणि प्रत्यक्षात शरीरातील उष्णता बाहेर जाते, म्हणून थंडीपासून बचाव म्हणून कोणीही पिऊ नये. आपण औषधे घेत असाल, तर आधी विचारून घ्यावे.

उरलेल्यांपैकी एक बाटली दिवसभर उभी ठेवा, सावकाश ओता आणि तळातली दोन बोटे वाइन खड्यांसह बाटलीतच राहू द्या.