रेडिएटर नवा असला तरी आधी धू

नवाकोरा आहे म्हणून पीसीच्या वॉटर कूलिंगचा रेडिएटर थेट लूपमध्ये (पाणी फिरतं त्या बंद मार्गात) जोडू नकोस. आत सोल्डरिंगचा फ्लक्स (डाग देताना लावतात ते रसायन) आणि धातूचा कीस राहिलेला असू शकतो. तो सीपीयू ब्लॉकच्या (प्रोसेसरवर बसणाऱ्या, आतून पाणी फिरणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) बारीक खाचांत जाऊन बसला की अख्खा लूप उघडावा लागतो. पहिल्या वेळी मी हा आळस केला आणि दोन महिन्यांत पाणी गढूळ झालं.

सध्या एवढंच कर:

- गरम (उकळतं नको!) पाणी अर्ध्यापर्यंत भर, बुचं लाव आणि हात दुखेपर्यंत हलव. पाणी पांढऱ्या भांड्यात ओत, म्हणजे कचरा दिसतो. पाणी नितळ येईपर्यंत हेच चालू ठेव, मग दहा वेळा का होईना.
- शेवटच्या 2-3 खेपा डिस्टिल्ड वॉटरने. घरचं आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार उरतातच.

व्हिनेगर, सायट्रिक ॲसिडच्या नादी आत्ताच लागू नकोस. रात्रभर भिजत ठेवलंस तर पस्तावायची वेळ येऊ शकते. आणि हो, बाहेरची धूळ काढताना फिन्सवर (रेडिएटरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवर) जोराचा फवारा नको, ब्रश पुरतो. त्या फार पटकन वाकतात.