पाच मैत्रिणी, नऊ ड्रेस आणि एक शाकाहारी

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की आमच्या प्रश्नोत्तरांची पेटी फुगते, आणि यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची: मित्रमंडळी घेऊन गोव्याला निघालोय, काय खायचं, काय घालायचं आणि भांडण न होता परत कसं यायचं. मी पणजीत राहते, माहेर डिचोलीचं, म्हणून संपादकांनी अख्खा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. नावं कोणाचीच छापत नाही, बिनधास्त वाचा.

प्रश्न : आम्ही पाचजणी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मुलं-नवरे घरी ठेवून पहिल्यांदाच चार रात्रींसाठी गोव्याला निघालोय, डिसेंबरात, आमच्याच गाडीने. तिघींना बागा-कळंगुट पाहिजे, दोघींना पाळोळे. एक पक्की शाकाहारी आहे. आणि एकीने आत्तापासून नऊ ड्रेस काढून ठेवलेत, प्रत्येक स्पॉटला वेगळा, रीलसाठी. ग्रुपवर रोज वाद चाललेत. ताई, सोडवा. (कोल्हापूर)

उत्तर : आधी नकाशा उघडा. गोवा म्हणजे एवढंसं, सगळं एका दिवसात होतं असं घाटावरच्या लोकांना का वाटतं कोण जाणे. पणजीहून पाळोळे साधारण ७० किलोमीटर आहे, आणि नाताळच्या आठवड्यात कळंगुट-बागाच्या रस्त्यावर गाड्या नुसत्या उभ्या असतात, त्यामुळे सकाळी बागा आणि संध्याकाळी पाळोळे असं कोणी ठरवलं असेल तर पाचही जणी दिवसभर गाडीत बसून एकमेकींचं डोकं खाल. माझं ऐका, दोन रात्री पणजीत राहा, दोन रात्री काणकोणला, म्हणजे पाळोळेच्या बाजूला. बागा एक संध्याकाळ पुरे, तिघींची हौस फिटते आणि दोघींचं डोकं दुखत नाही. तारखा तुमच्या हातात असतील तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा घ्या, खोल्यांचे भाव आणि गर्दी दोन्ही पुष्कळ कमी.

आंबोलीमार्गे सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी असं आलात तर आधी म्हापसा लागतं. शुक्रवारी निघा, कारण म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारचा. चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, लाल माळा, सुकी मासळी, मातीची भांडी, मोयऱ्याची मनगटाएवढी जाड केळी, आणि कपड्यांचे ढीग. बीचवर जी सुती पँट ऐटीत टांगलेली असते तसलीच इथे निवांत घासाघीस करून मिळते, म्हणून नऊ ड्रेसवालीला सांगा की निम्मी बॅग रिकामी आण.

आता तिच्याबद्दल. तिला हसू नका, प्रत्येक ग्रुपमध्ये एक अशी असते आणि तिच्यामुळेच नंतर फोटो असतात. पण समुद्राकाठी डिसेंबरातसुद्धा दुपारी घाम निथळतो आणि सिंथेटिक कपडा अंगाला चिकटला की चेहरा रीलमध्ये पण रडकाच दिसतो. सुती, सैल, सुरकुत्या पडल्या तरी चालतील असं काहीतरी, आणि चपला पकड असलेल्या. पणजीतल्या जुन्या फोन्तेन्हास वस्तीच्या गल्ल्यांत हिल्स घालून फिरणाऱ्या मुली मी रोज बघते, दहा मिनिटांत चप्पल हातात. आणि तिथलं एक सांगते, ती पिवळी-निळी घरं काही सेट नाहीत, आत माणसं राहतात, म्हातारी आजी दुपारची झोपलेली असते आणि बाहेर कोणीतरी तिच्या पायरीवर बसून पंधराव्यांदा केस उडवत असतं. भिंतींवर तसे फलकसुद्धा लागलेत. सकाळी लवकर जा, रस्त्यावरून काढा, कोणाच्या सोप्यावर चढू नका.

शाकाहारी मैत्रिणीची काळजी सोडा. पणजीत सकाळी भाजी-पाव खायला जायचं, टाटो, भोसले, जिथे उभं राहायला जागा मिळेल तिथे. टाटो तर १९१३ पासूनचं. आत गेल्यावर मेन्यूकार्डची वाट बघत बसू नका, टेबल रिकामं होतंय असं दिसलं की जाऊन बसायचं, मग पोऱ्या येऊन एका दमात नावं म्हणून दाखवतो. मिक्स सांगा. स्टीलच्या छोट्या ताटलीत बटाट्याची सुकी भाजी, तिच्यावर पातळ भाजीचा रस्सा, बाजूला पाव नाहीतर गोडसर बन आणि एक मिरची भजी. तुमच्या मिसळीएवढं तिखट नसतं, कोल्हापूरकरांनी आधीच नाक मुरडू नये. दुपारी फोंड्याच्या बाजूला गेलात तर खतखतं, मुगागाठी, आळसांद्याचं तोंडाक, सोलकढी असं जेवण मिळू शकतं. फक्त दोन गोष्टी तिने विचारूनच खायच्या. आमच्याकडे भाजीत चवीला चार सुंगटं, म्हणजे कोळंबी, टाकायची पद्धत आहे, आणि ती टाकली म्हणून भाजी मांसाहारी झाली असं इथे बऱ्याच जणांना वाटतच नाही. दुसरं, संध्याकाळी गाड्यावर मिळतं ते रस ऑम्लेट. अंडं चालतं म्हणून बसेल बिचारी, पण वरून ओततात तो रस शागोतीचा, म्हणजे खोबऱ्या-मसाल्याच्या कालवणाचा असतो, आणि तेही कोंबडीचं. बाकी चौघींनी मात्र ते सोडू नये. गरम ऑम्लेट, वर तो काळपट तांबडा रस, बारीक चिरलेला कांदा, लिंबू पिळायचं आणि पाव बुडवत उभ्या उभ्या खायचं, भांडण चालू असेल तर आपोआप थांबतं.

आणि कॉन्ट्री पहिल्याच दिवशी काढा. पाचजणींचे सारखे पैसे एका पर्समध्ये, आणि पर्स सगळ्यात चिकट मैत्रिणीकडे. उत्तर की दक्षिण यावरून कोणी बोलणं सोडत नाही हो, "तुझ्या कॉफीचे मी दिले होते" यावरून सोडतात.

प्रश्न : गोव्याच्या होमस्टेमध्ये सकाळी एक चपटा, बाहेरून कोंडा लागलेला, आतून पोकळ पाव दिला होता. मैत्रिणीने सहा खाल्ले. नाव काय त्याचं आणि डोंबिवलीत मिळेल का? (डोंबिवली)

उत्तर : पोळी म्हणा नाहीतर पोय, दोन्ही चालतं. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर मोठी टोपली बांधून भल्या सकाळी आणि मग संध्याकाळी पोंपों वाजवत येतो, तो हॉर्न ऐकून पिशवी घेऊन धावायचं असतं. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने फुगवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्टच. डोंबिवलीचं मला ठाऊक नाही, आणि शोधूही नका, दुसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी होते. सहा खाल्ले हे चांगलं केलं.

प्रश्न : मी गोव्याचीच आहे. पुण्याहून माझा आतेभाऊ आणि त्याचे मित्र येतायत. त्यांना मंगेशी आणि ओल्ड गोवा दोन्ही बघायचंय, पण मागच्या वेळी सगळे बीचवरून तसेच हाफ पँटवर आले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांना कसं सांगू? (फोंडा)

उत्तर : सरळ सांग गो बाय, निघायच्या आधी, फोनवर. देवळाच्या दारात सांगितलंस की अपमान वाटतो, घरी सांगितलं की नुसती माहिती. अलीकडे फोंड्याकडच्या बऱ्याच देवस्थानांनी कपड्यांचे फलक लावलेत, मंगेशीलासुद्धा तोकडे कपडे चालत नाहीत. ओल्ड गोव्याला बॉम जीझसच्या बासिलिकेतही तेच, शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचे कपडे घालून आत जाता येत नाही. ते चर्च १६०५ सालचं, सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष तिथे आहेत, लोक तिथे प्रार्थनेला येतात. म्हणजे "तुमच्याकडेच फार नियम" असं आतेभावाला म्हणायची सोय नाही, देऊळ आणि इगर्ज दोन्हीकडे एकच हिशोब.

क्रम बदल म्हणजे निम्मं काम होईल. सकाळी आंघोळ करून आधी मंगेशी. सातमजली दीपस्तंभ सकाळच्या उन्हात बघण्यासारखा असतो, गाभाऱ्याकडे मोबाईल नाचवायचा नाही हेही तेव्हाच सांगून ठेव. मग ओल्ड गोवा, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेट. चालत गेलं तर फेरीला तिकीट नाही, पुणेकर एवढ्यावरच खूश होतील. बीच सगळ्यात शेवटी, मग हाफ पँट काय, काहीही घालू देत. गाडीच्या डिकीत दोन लुंग्या टाकून ठेव, एकजण तरी विसरणारच.

प्रश्न : आम्ही सहा मित्र जूनच्या शेवटी येतोय, हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून. पण कोणीतरी म्हणालं की पावसाळ्यात मासेच मिळत नाहीत. मग करायचं काय? दूधसागरला रुळावरून चालत जाता येतं ना? (नाशिक)

उत्तर : शेवटून सुरू करते. नाही. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे आणि दर पावसाळ्यात पोलीस पोरांना मधल्या स्टेशनावरच उतरवून परत पाठवतात. कुळ्याहून जीप जाते ती पावसाळा संपल्यावर. तुम्हाला धबधबा बघायचाच असेल तर त्या मार्गावरच्या ट्रेनमध्ये बसून खिडकीतून बघा, ३१० मीटरवरून पडणारं पाणी आहे ते, खिडकीतूनही भिजवतं. समुद्रात उतरायचं नाव काढू नका, जूनमध्ये लाल बावटे लागलेले असतात आणि जीवरक्षक शिट्टी मारतो ती गंमत म्हणून मारत नाही. किनाऱ्यावर उघड्यावर बाटली काढून बसायचा बेत असेल तर तोही मोडा, २०१९ मध्येच त्याला एकट्याला दोन हजार आणि ग्रुपला दहा हजार दंड ठरला होता.

आता मासे. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. तेव्हा या दिवसांत ताटात मोठा विसवण, म्हणजे सुरमई, दिसला तर तो बर्फातला किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेला असण्याची शक्यता जास्त, तिकडची बंदी जूनच्या मध्याला उठते. म्हणून सुरमई-पापलेटचा हट्ट सोडा आणि नदीतलं, खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतलं) काय आहे ते विचारा: शेवटे, चणक, तिसऱ्या, खुबे. घरोघरी या दिवसांत मेमध्ये भरून ठेवलेली सुकी मासळी निघते. सुक्या सुंगटांचं किसमूर खाऊन बघा, भाजलेली सुंगटं, ओलं खोबरं, कांदा, थोडी चिंच, बस्स. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं नाहीतर नदीतल्या माशाचं हुमण, म्हणजे कालवण, आणि वर हे कुरकुरीत किसमूर, बाहेर धो धो पाऊस. मला विचाराल तर नाताळातल्या गोव्यापेक्षा हा गोवा कितीतरी वरचा आहे, पण हे फार लोकांना सांगू नका. पाऊस चांगला मुरला की रस्त्याकडेला पानांत बांधलेली अळमी, म्हणजे रानातली अळंबी, विकायला बसतात, मोजून, आणि भाव ऐकून घाम फुटतो. थोडीशीच घ्या आणि होमस्टेच्या काकूंना शागोती करायला द्या.

२४ जूनला असाल तर सांजाव आहे. पानाफुलांचं कोपेल डोक्यावर घालून लोक विहिरीत उड्या मारतात, शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. होड्या काठावरून कोणीही बघावं. विहिरी मात्र लोकांच्या घरच्या आहेत, बोलावलं तरच जायचं, आणि पोहता येत नसेल तर बोलावलं तरी काठावरच थांबायचं.

कपड्यांचं म्हणाल तर जीन्स एकही आणू नका. इथे जूनमध्ये जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही आणि सहाजणांच्या ओल्या जीन्स एका खोलीत टांगल्या की तो वास हॉटेल स्वस्त का मिळालं हे विसरायला लावेल. चटकन वाळणारे कपडे, पकडीच्या सँडल. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे भलेभले आडवे होतात.

प्रश्न : भाड्याच्या बाईकवर पोलीस नेहमी अडवतात का? (सांगली)

उत्तर : काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच गाडी घ्या, ती भाड्याची अधिकृत. पांढऱ्या पाटीची स्वस्त देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. दोघांना हेल्मेट, लायसन्स खिशात. आणि पणजीला मांडवीवर जो उंच नवा अटल सेतू आहे त्यावर दुचाकीला बंदी आहे, मोबाईलचा नकाशा दाखवेल तरी चढू नका, शेजारच्या जुन्या पुलाने जायचं. चांगलं ओळखू येतं, तारांचा पूल तो अटल सेतू.

प्रश्न : मैत्रिणीच्या लग्नात आम्ही सगळ्याजणी सारख्या कुणबी साड्या नेसायच्या ठरवतोय, गोव्याला फिरायला येतोय तेव्हाच घेऊ. खरी कशी ओळखायची? रेडीमेड ब्लाऊज चालेल? (रत्नागिरी)

उत्तर : फार आवडली कल्पना. ही साडी मुळात गावडा-कुणबी बायकांची, भातशेतात राबताना नेसायची, म्हणून आखूड, गुडघ्यापर्यंत, खांद्यावर गाठ मारलेली आणि ब्लाऊजशिवाय. तांबड्या रंगावर चौकडा. नंतर ती विणणारे जवळजवळ उरलेच नव्हते, तेव्हा कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी विणकर शोधून ती पुन्हा मागावर चढवली आणि थेट रॅम्पवर नेली. २०१४ ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. आज पणजीच्या दुकानांत ती निळ्या-हिरव्या-काळ्या सगळ्या रंगांत दिसते त्यामागे बरीचशी त्यांची धडपड आहे.

ओळखायचं असं: चौकडा छापलेला नको, विणलेला हवा, म्हणजे उलटी बाजू आणि सुलटी बाजू सारखीच दिसेल. मग काठाच्या अगदी कडेला बोट फिरवून बघा. हातमागावर कापड ताणून धरायला खिळे लावतात, त्यांची बारीक भोकं बहुतेक वेळा दोन्ही कडांना दिसतात. चौकडा अगदी छापल्यासारखा एकसारखा आणि कापड गुळगुळीत असेल तर यंत्रमागाची समजा. ती वाईट असते असं नाही, फक्त हातमागाचा भाव देऊ नका. बीचजवळच्या दुकानात "प्युअर कुणबी" म्हणून पॉलिस्टर गळ्यात मारतात, एक धागा ओढून जाळून दाखव म्हणा, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो, गोळा होऊन चिकटला तर निघा तिथून.

ब्लाऊज रेडीमेड चालेल, पण साधा, एका रंगाचा. चौकड्यावर मिररवर्क घालणाऱ्या मैत्रिणीला वेळीच आवरा. पहिली धुलाई गार पाण्यात, मीठ टाकून, आणि प्रत्येकीची वेगळी. सगळ्यांच्या साड्या एकदम मशीनला लावल्यात तर लग्नात सगळ्या गुलाबी नेसून याल.