वाचकांचे प्रश्न : धावपट्टी पाठीमागे असताना विमान समोर का उतरवतात?

प्रश्न : उड्डाण करताच इंजिन बंद पडल्याने एक छोटे खासगी विमान समोरच्या शेतात उतरवावे लागले आणि त्यात ते मोडले, अशी बातमी मध्यंतरी वाचली. धावपट्टी तर पाठीमागेच होती. मग वैमानिक वळला का नाही?
— एक वाचक, सोमलवाडा, नागपूर

उत्तर : तो वळला नाही, हेच त्याने योग्य केले. सेस्ना १७२ सारखे एक इंजिनाचे विमान इंजिनाविना एक मीटर खाली येताना सुमारे नऊ मीटर पुढे जाते. म्हणजे ९० मीटर उंचीवर इंजिन गेले, तर सरळ जाऊनही जेमतेम ८०० मीटर पदरात पडतात. परतायचे तर १८० अंशांत भागत नाही, कारण वळता वळता विमान धावपट्टीच्या एका अंगाला सरकते आणि तिच्या रेषेत येण्यासाठी आणखी वळावे लागते. घाईने ४५ अंश कलवून वळवले, तर पंखांची उचल टिकवण्यास लागणारा किमान वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि इंजिन नसताना तो वेग उंची खर्चूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की उचल एकाएकी नाहीशी होते. यालाच स्टॉल म्हणतात, आणि एवढ्या कमी उंचीवर त्यातून सावरणे जवळपास अशक्य असते. शेतात विमान मोडते खरे, पण ते पंखांच्या ताब्यात राहून, कमी वेगाने टेकले तर आतली माणसे बहुधा वाचतात.

नागपूरकरांनी उन्हाळ्याचाही विचार करावा. सोनेगावचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. पण मे महिन्यातील दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा विमानाला साधारण १,४५० मीटरवरच्या हवेइतकी विरळ लागते, म्हणजे चिखलदऱ्याहूनही उंचावरची. अशा हवेत इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. ३,२०० मीटरच्या धावपट्टीवर हे निभावते. आखूड खासगी पट्टीवरून, टाक्या काठोकाठ भरून आणि चारही आसनांवर माणसे बसवून भर दुपारी निघणे मात्र, आमच्या मते, धाडस नव्हे, अविचार आहे.

इंजिन बंद पडण्याचे एक साधे कारण म्हणजे इंधनात उतरलेले पाणी. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत ओल धरते आणि पाणी जड असल्याने तळाशी बसते. म्हणूनच निघण्यापूर्वी तळातून थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून, निळसर पेट्रोलखाली पाण्याचा थर दिसतो का, हे पाहायचे असते.