पोस्टडॉकच्या मेलला उत्तर का येत नाही?

प्रश्न : मुंबई परिसरातल्या अतिवृष्टीच्या संगणकीय मॉडेलिंगवर माझी पीएचडी आहे, प्रबंध दिवाळीपर्यंत सादर होईल. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधनाच्या जागेसाठी, परदेशातल्या पन्नासेक प्राध्यापकांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. सोबत तो मेल जोडते आहे. घरचे म्हणतात, आता सरळ नोकरी बघ. काय करू?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : तुमचा मेल वाचला. ‘आपल्या संशोधनात मला अत्यंत रस आहे’ असं त्यात आहे, पण कुठल्या संशोधनात, ते नाही. तुमचा विषय तर किती मोलाचा! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५सुद्धा नाही. एवढ्याशा अंतरातला हा फरक मॉडेलमध्ये पकडणं आजही अवघड आहे आणि तुम्ही त्यावरच काम केलंय. मेलमध्ये त्याचा उल्लेखही नाही, याची मला फार हळहळ वाटली.

प्रबंधाची संदर्भसूची उघडा. ज्यांचे पेपर तुम्ही पेन घेऊन वाचलेत, असे मोजकेच गट निवडा. प्रत्येकाला वेगळा मेल लिहा: तुमच्या अमुक पेपरात हे दिसलं, माझं मॉडेल चालवल्यावर ते वेगळं आलं, हा आलेख, हा कोड. अर्धं पान पुरे. मला जर्मनीतल्या हॅम्बुर्गची पोस्टडॉकची जागा अशाच मेलवर मिळाली. तिची जाहिरात निघालीच नव्हती. माझ्या आलेखातल्या एका विसंगतीबद्दल तिकडून उलट प्रश्न आला आणि बोलणं सुरू झालं.

जाहिरातीही बघत राहा, पण ‘मॉडेलिंग’ एवढाच शब्द टाकून शोधू नका. ‘डेटा असिमिलेशन’ (प्रत्यक्ष नोंदी मॉडेलमध्ये मिसळणं), ‘हायड्रॉलॉजी’ (जलविज्ञान), ‘पूर-जोखीम’ या नावांखालीही तुमचंच काम असतं.

तारखांचं मात्र नीट बघा. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात असते आणि तोवर पीएचडी पूर्ण लागते. आपल्याकडे प्रबंध दिल्यावर व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कित्येक महिने जातात, म्हणजे तुमच्यासाठी पुढच्या वर्षीचीच. जर्मनीची हम्बोल्ट फेलोशिपही आहे; तिचे अर्ज कधी घेतात, ते तिच्या संकेतस्थळावर बघा. दोन्हींसाठी आधी तिकडचा यजमान प्राध्यापक हवा, म्हणून मेल आधी.

आणि परदेशच कशाला? पुण्याची आयआयटीएम ही हवामान-संशोधन संस्था आहे. ऐरोली पुलावरून पलीकडे गेलात की पवईला आयआयटी, तिथेही हवामानावर काम चालतं. तिथल्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटा.

घरच्यांना सांगा, पोस्टडॉक म्हणजे पगाराची नोकरीच. जर्मन विद्यापीठात सरकारी वेतनश्रेणीने पगार मिळतो. करार दोन-तीन वर्षांचाच असतो, हेही लपवू नका; त्यांची काळजी खरी आहे.

शिफारसपत्रांसाठी गाइडशिवाय आणखी दोघं लागतील. त्यातला एक तरी तुमचं मॉडेल स्वतः चालवून पाहिलेला असावा. त्यांना याच आठवड्यात विचारा आणि सोबत प्रबंधाचा सारांश पाठवा.