‘क्वाइट गुड’ म्हणजे नेमके किती चांगले?

प्रश्न : सा. न. वि. वि. आमचा सांगलीत हळदीचा व्यापार आहे. इंग्लंडमधील एका व्यापाऱ्याला आम्ही माल पाठवतो आणि त्याच्याशी होणारा पत्रव्यवहार माझा पुतण्या पाहतो. ऑर्डर येवो वा पैसे जमा होवोत, तो ‘ऑसम’ असेच उत्तर लिहितो. मला ते उथळ वाटते, म्हणून मी ‘एक्सलंट’ सुचवतो; त्यावर ‘काका, असं आता कुणी लिहीत नाही’ असे तो म्हणतो. मागच्या महिन्यात त्या व्यापाऱ्याने आमच्या नमुन्याला ‘क्वाइट गुड’ म्हटले, तेव्हा पुतण्याने ते सर्वांना आनंदाने वाचून दाखवले. आमच्यात बरोबर कोणाचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ‘क्वाइट गुड’चा उलगडा करणे भाग आहे, कारण त्याचा संबंध थेट आपल्या व्यवहाराशी आहे. अमेरिकन माणसाला ‘क्वाइट गुड’मधून सहसा ‘खूपच चांगले’ म्हणायचे असते. ब्रिटिश माणसाच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ बहुधा ‘बऱ्यापैकी’ एवढाच असतो. उलट ‘नॉट बॅड ॲट ऑल’ ही त्याची मनापासूनची दाद असू शकते. आपल्या सौद्यात एखादा मुरलेला खरेदीदार हळकुंड मोडतो, आतला रंग निरखतो, ‘वाईट न्हाई’ एवढेच पुटपुटतो आणि चढा भाव देतो, तसेच हे आहे. म्हणून रंगात, वाळवणीत की पॉलिशमध्ये काही कमी वाटले, हे त्या व्यापाऱ्याला नम्रपणे विचारून घ्यावे.

आता ‘ऑसम’. हा शब्द मुळात उथळ नाही. ‘ऑ’ म्हणजे ईश्वरासमोर किंवा निसर्गाच्या अफाट शक्तीसमोर मनात दाटणारा धाक, आणि ‘ऑसम’ म्हणजे तसा धाक वाटायला लावणारे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील तरुणांच्या बोलण्यात तो ‘झकास’ या अर्थाने रुळला. त्याच ‘ऑ’पासून झालेला ‘ऑफुल’ मात्र ‘अत्यंत वाईट’ या अर्थाकडे गेला. ‘टेरिफिक’चे मूळही लॅटिनमधील ‘भिववणे’ या क्रियापदात आहे. आपणही ‘नाटक भयंकर आवडले’ म्हणतोच, तेव्हा भीतीच्या शब्दाने कौतुक करण्याची रीत आपल्याला परकी नाही.

अडचण शब्दाच्या मुळात नसून कागदावर आवाज नसतो, यात आहे. कृष्णेच्या घाटावरून एखाद्या पोराने सूर मारला की ‘काय खतरनाक उडी!’ असे आपण ओरडतो आणि त्यातले कौतुक स्वरातून, चेहऱ्यावरून कळते. पण हेच वाक्य पत्रात लिहिले, तर वाचणाऱ्याला तो धोक्याचा इशारा वाटेल. ‘सिक’ (मूळ अर्थ ‘आजारी’) आणि ‘विकेड’ (मूळ अर्थ ‘दुष्ट’) हे कौतुकाचे शब्द असेच आहेत. मित्रांमध्ये ते शोभतात, परंतु मालाच्या संदर्भात ‘सिक’ लिहिणे मी तरी कटाक्षाने टाळीन.

तरीही आपल्या पुतण्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रमाण शब्द निवडला म्हणजे तो आपोआप योग्य ठरतो, असे नाही. ‘कमेंडेबल’ किंवा ‘वेल डन’ हे शब्द निर्दोष आहेत, पण त्यांत वरिष्ठाने कनिष्ठाची पाठ थोपटल्याचा भाव येऊ शकतो. आपण वडीलधाऱ्यांना ‘शाबास’ म्हणत नाही, तसे ग्राहकालाही म्हणू नये. ‘एक्सलंट’ला हा दोष नाही. ओळख मुरली असेल तर ‘ब्रिलियंट, थँक यू’ हेही इंग्लंडमध्ये अगदी नेहमीचे आहे. पैसे जमा झाल्यावर मात्र कोणत्याही विशेषणापेक्षा ‘थँक यू फॉर द प्रॉम्प्ट पेमेंट’ हे वाक्य मला अधिक आवडेल, कारण आपण कशाबद्दल समाधानी आहोत, हे त्यातून ग्राहकाला नेमके कळते.

प्रश्न : इंग्रजी निबंधात ‘कूल’ लिहिलेले चालेल का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : अमेरिकेतील जॅझ वादकांच्या बोलीतून पसरलेला हा शब्द आजही टिकून आहे, त्याच वर्तुळातून आलेला ‘ग्रूव्ही’ मात्र १९६० च्या दशकात गाजला आणि आता जुनाट वाटतो. निबंधातील एखादे पात्र बोलत असेल, तर त्याच्या तोंडी ‘कूल’ जरूर घालावा. निवेदन तुमचे स्वतःचे असेल, तेथे ‘इम्प्रेसिव्ह’ लिहा आणि काय पाहून तुम्ही प्रभावित झालात, ते पुढच्याच वाक्यात सांगा.